ज्वारीच्या मुलखात भाताची पंगत

बुधवार रात्र : सोलापूर

जानेवारीअखेर सोलापूरला जायला हुरडा हे एकच कारण पुरतं. या वेळी दुसरंही होतं. माझी मावसबहीण अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. "आमच्याकडची खिचडी एकदा पंगतीत बसून खा, मग काय ते बोल," असं ती मला कधीपासून ऐकवत होती. पुण्यात आमच्या सोसायटीत शाळेच्या खिचडीचा विषय निघाला, की कुणी विषबाधेची बातमी सांगतं, कुणी तांदळात निघालेल्या अळ्यांची. या बातम्या खोट्या नसतात. पण बातमी व्हावी असं काही ज्या दिवशी घडत नाही, त्या दिवशी त्या पातेल्यात काय शिजतं, ते मला बघायचं होतं.

संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली आणि दहाच्या सुमारास सोलापुरात उतरले. ताईकडे गरम भाकरी, वांग्याचं भरीत, दही आणि तेल सोडलेली शेंगाचटणी वाट बघत होती. सोलापूरकर चटणीला शेंगदाण्याची म्हणत नाहीत, शेंगाचीच म्हणतात, आणि वाढताना हात आखडत नाहीत.

भावजी जिल्हा परिषदेतूनच निवृत्त झालेले गुरुजी. ताट पुसता पुसता त्यांनी योजनेची कुंडली मांडली. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा शिजवलेलं काही मिळत नसे. महिन्याची हजेरी ८० टक्के भरली की मुलाला तीन किलो तांदूळ मिळायचा. "महिनाअखेर पोरं पिशव्या घेऊन रांगेत. मी एका हातात हजेरीपट, दुसऱ्या हातात माप घेऊन बसलेलो. तांदूळ घरी गेला की घरात सात तोंडं. ज्याच्या नावावर आला, त्याच्या ताटात किती पडला ते कुणाला ठाऊक?" पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं अन्नच द्या. मग शाळेशाळेत चुली पेटल्या. "सुरुवातीला तीन दगड आणि तुराट्या. वर्गात धूर, पोरांच्या डोळ्यांत पाणी. एकीकडे बेचा पाढा आणि एकीकडे फोडणी."

आता गॅस आहे, किचन शेड आहे. सप्टेंबर २०२१ पासून योजनेला 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असं भारदस्त नावही आहे. शिक्षक मात्र अजून 'शापोआ'च म्हणतात. शालेय पोषण आहाराचं ते लघुरूप आहे. मुलं खिचडी म्हणतात, मग ताटात काहीही असो.

(जाणाऱ्यांसाठी: या दिवसांत सोलापुरात पहाटे शाल लागते आणि दुपारी बारानंतर टोपी. दोन्ही न्या. हुरड्यासाठी डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा, त्यानंतर दाणा निबर होतो.)

गुरुवार : अक्कलकोट तालुका

सकाळी ताईबरोबर एसटीनं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून रचलेली तूर, मध्येच पिवळी धमक करडई. शाळेचं गाव हमरस्ता सोडून आत आहे. नाव देत नाही, ताईच्या नोकरीचा प्रश्न आहे. एकाच पटांगणात दोन शाळा, एक मराठी माध्यमाची आणि एक कन्नड. हा सगळा पट्टा सीमेवरचा, घराघरात दोन्ही भाषा. फाटकात एका आजोबांनी मला "ऊटा आतेन्री?" म्हणून विचारलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. जेवण झालं का, हीच तिकडची रामराम.

स्वयंपाकघरात दोन बायका, एकमेकींच्या जावा. मुलं दोघींना मावशी म्हणतात, म्हणून मीही तेच धरलं. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० मुलांना दोन, पुढच्या प्रत्येक शंभराला आणखी एक, असा नियम आहे. त्या दिवशी मराठी शाळेत ६४ मुलं हजर होती. थोरल्या मावशींनी हजेरीचा आकडा ऐकला आणि कोठीच्या खोलीतून तांदूळ मापून आणला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, हा हिशोब. म्हणजे ६४ मुलांना सहा किलो चारशे ग्रॅम तांदूळ आणि सव्वा किलोच्या वर डाळ. मावशींनी हे कागदावर मांडलं नाही. वजनकाटा समोर होता, पण त्यांचा हात काट्याच्या आधी थांबत होता.

डाळ-कडधान्य, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्यासाठी मे २०२५ पासूनचा दर पहिली ते पाचवीला मुलामागे ६ रुपये ७८ पैसे, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. तांदूळ यात धरलेला नाही, तो केंद्राकडून येतो. ६४ मुलांचे झाले ४३४ रुपये. मी आदल्या संध्याकाळी पुणे स्टेशनवर एकटीनं वडापाव आणि चहा घेतला होता, त्याच्या बिलाशी याची तुलना करायचा मोह होतो. पण राहू दे. चौसष्ट जणांचं एकत्र शिजलं की स्वस्तात पडतं, हे कुठल्याही लग्नघरात कळतं. खरी ओढाताण भाजीची. कोथिंबीर-टोमॅटो महागले, की पंधरा दिवस बटाटा नाही तर भोपळा. शाळेमागच्या परसबागेत शेवगा, कढीपत्ता, पालकाचा एक वाफा आणि मुलांनी लावलेली चार वांगी होती. कढीपत्ता तेवढा पुरत असावा, बाकी वांग्यांवर मुलांचीच जास्त नजर.

मटकीचा बेत होता. धाकट्या मावशींनी मटकी आदल्या सकाळी भिजत घातली होती आणि दुपारी घरी नेऊन फडक्यात बांधली होती. शाळेत रात्री उंदीर फिरतात, म्हणून मोड घरी आणायचे. गाठोडं सोडलं तर बोटाच्या पेराएवढे मोड. पातेलं तापलं, तेलात मोहरी तडतडली, जिरं, ठेचलेला लसूण, कांदा. मग थोरल्या मावशींनी पदराआडून एक छोटी बरणी काढली. घरचं काळं तिखट. "शाळेला येतो तो मसाला रंगाला बरा. वासाला कायच नाही. पोरं खात नाहीत मग," त्या म्हणाल्या, आणि चमचाभरच घातलं, कारण पहिलीतल्यांना झोंबतं. ही बरणी कुठल्या साठा रजिस्टरात लिहिलेली नाही. धुतलेला तांदूळ आणि मटकी परतून आधणाचं पाणी ओतलं, पळी उभी धरून पाण्याची उंची बघितली आणि झाकणावर वरवंटा ठेवला. खाली वाफ कोंडली, की दहा मिनिटं कुणी झाकणाला हात लावायचा नाही. मुख्याध्यापकांनीसुद्धा.

मुख्याध्यापकांचं काम नंतरचं. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची आणि चव रजिस्टरात लिहून सही करायची. त्या दिवशी चव घ्यायला एक पालकही होते. त्यांनी "मीठ एक कण कमी" असं सांगितलं. मावशींनी मान डोलावली आणि मीठ काही घातलं नाही. नंतर मला हळूच म्हणाल्या, "त्यांना घरीबी कमीच लागतंय."

नळाखाली हात धुऊन मुलं व्हरांड्यात दोन ओळींत बसली. श्लोक झाला. मी चौथीच्या मुलींच्या मधे बसले. खिचडी मऊ, मोकळी, लसणाची, आणि मटकी शिजूनही दाताला लागणारी. गरजेपुरती चांगली म्हणून मी तिची बोळवण करणार नाही. चांगलीच होती. दुसऱ्यांदा मागून घेतली.

शेजारच्या मुलीनं दप्तरातून फडक्यात गुंडाळलेली कडक भाकरी काढली, तळहातांत धरून चुरली, खिचडीवर पसरली आणि वर मावशींकडून कट वाढून घेतला. कट म्हणजे भाजीवरचा पातळ रस्सा, त्या दिवशी बटाट्याचा होता. मग समोरच्या दोघांनी तेच केलं. सरकारी भात आणि घरची भाकरी एका ताटात कालवून खाताना त्यांना कसलाच प्रश्न पडलेला दिसला नाही. मला पडला, आणि तो दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्यात मोठा झाला.

अंड्याचं विचारलं, तेव्हा सगळे एकदम बोलू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं किंवा तिथलं फळ. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून द्यायचं तर द्या, असं आलं. ताईचं म्हणणं, अंड्याच्या दिवशी हजेरी दिसण्याइतकी वाढायची. तिसरीतल्या एका शेंबड्या गड्यानं मला अंडं सोलायची पद्धतच करून दाखवली, रिकाम्या हातानं: आधी कपाळावर टक्, मग तळव्यात गोल फिरवायचं. हजार पानी अहवालात हा पैसा थांबवण्याचं काय समर्थन असेल ते असो. ज्या जिल्ह्यात कितीतरी घरांत अंडं पाहुणा आल्यावरच फुटतं, तिथं अंडी बंद करणं मला चुकीचं वाटतं.

परतताना अक्कलकोटला उतरलो. स्वामी समर्थांच्या दर्शनाला रांग होती, पण अन्नछत्रातली पंगत भरभर पुढं सरकत होती. तिथला महाप्रसाद सर्वांना खुला असतो, आणि एवढ्या लोकांना गरम वाढायची त्यांची घडी बघण्यासारखी आहे. ताई म्हणाली, "इथं देणाऱ्याला पुण्य मिळतं, म्हणून भांडी चकचकीत. आमच्याकडं कायदा आहे." २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शाळेतलं जेवण मुलांचा हक्क झालंय, ते तिला म्हणायचं होतं. हक्काच्या भांड्यांनाही कल्हई लागते, एवढंच.

शुक्रवार : मंगळवेढा

भावजींची जुनी गाडी सकाळी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली आणि आम्ही मंगळवेढ्याचा रस्ता धरला. बेगमपूरचा पूल ओलांडला, की भीमेच्या काठी माचणूर. सिद्धेश्वराचं देऊळ, खाली घाट, पाणी संथ. इथेच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी काही वर्षं पडून होती. आज तिथं बगळे आणि कपडे धुणाऱ्या बाया. वीस मिनिटं थांबा, जास्त नको, कारण पुढे शेतं बघायची आहेत.

ती शेतं! मंगळवेढ्याची काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात ज्वारी येते, वरून पाणी न देता. मालदांडीची उंच ताटं, वर पांढुरकी कणसं, मध्ये माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा एखादा. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि याच जमिनीच्या मधोमध असलेल्या शाळेत आम्ही शिरलो, तेव्हा कोठीत तांदळाचे कट्टे रचलेले होते, लांबून रेल्वेनं आणि मालमोटारींनी आलेले.

त्याआधी गावात दामाजीपंतांच्या देवळात जाऊन आलो होतो. बिदरच्या बादशहाचे हे अंमलदार. दुष्काळात लोक मरताना बघवले नाहीत, म्हणून त्यांनी सरकारी कोठारं उघडली आणि धान्य वाटलं. बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा विठोबानं महाराचं रूप घेऊन धान्याची किंमत भरली, अशी कथा. भावजींना कथेचा उत्तरार्ध पटत नाही. "पैसे कुणी भरले ते सोडा. कोठार कुणाचं आणि उघडायचं कधी, हा मुद्दा त्यानं सोडवला होता." गुरुजी माणूस, धडा घेतल्याशिवाय राहत नाही.

शाळा तालुक्याच्या दक्षिण भागातली, जिथं पाण्यासाठी माणसं पिढ्यान् पिढ्या वाट बघत आली. पटावर पन्नासच्या आसपास, पण हजर बरीच कमी. ऊसतोडीला गेलेली घरं. दसरा-दिवाळीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुलं आजीजवळ राहिली, काही आईबापांबरोबर गेली. जाणाऱ्या मुलाला शाळा शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता यावं आणि तिथं जेवणही मिळावं. तिथं तो खरंच बसतो का, हे दुसऱ्या दिवशी बघायला मिळणार होतं.

आमचं नशीब म्हणा, त्या दिवशी तिथीभोजन होतं. गावातल्या कुणी घरच्या आनंदाच्या निमित्तानं शाळेला एक वेळचं जेवण द्यायचं किंवा नेहमीच्या जेवणात भर घालायची, अशी सोय योजनेतच आहे. बहुतेक जण जिलेबी नाही तर केळी देतात. या पालकांनी गेल्या सालची ज्वारी दिली होती, आणि मावशींनी कण्या करायचं ठरवलं होतं.

कण्या मी आजोळी लहानपणी खाल्लेल्या, नंतर चवच विसरले होते. ज्वारीला पाण्याचा हात लावून जाडसर भरडायची, पाखडून कोंडा काढायचा, उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडायची आणि ढवळत राहायचं. मंद आचेवर ती फुगत जाते, फदफद आवाज करते आणि हातावर चटके उडवते. इथल्या मावशींनी लांब दांड्याच्या उलथन्याला साडीची चिंधी बांधली होती, तरी मनगटावर जुने डाग दिसत होते. शिजल्या की वर ताक, लसणाची फोडणी, बाजूला शेंगाचटणी. आमच्या ताटात पडल्या तेव्हा भावजी बराच वेळ बोलले नाहीत, हे त्यांच्या बाबतीत फार दुर्मीळ.

मुलांचं काय? निम्म्यांनी चाटूनपुसून खाल्ल्या. उरलेल्यांपैकी एकानं ताटाकडे बघून सरळ विचारलं, "भात कुठाय?" आणि रडायच्या बेतात आला. घरी रोज ज्वारीच, शाळेत तरी भात मिळतो, हा त्याचा हिशोब. त्याच्या ताटात ताकावर गूळ पडला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

ज्वारीच्या कोठारात मुलांना तांदूळ का, हा माझा प्रश्न मी मावशींना विचारलाच. त्यांचं उत्तर ऐकून माझा अर्धा वाद तिथेच संपला. "भाकरी म्हणता? चाळीस पोरांच्या ऐंशी भाकऱ्या दोघींनी थापायच्या, भाजायच्या, अन् वर कोरड्यास. कधी वाढणार, पोरं घरी जाताना? पीठ दळून ठेवलं तर चार दिवसांत विरी जातीय, मग भाकरी थापतानाच चिरतीय." तांदूळ एका पातेल्यात, एका पाण्यात, एका आचेवर होतो. दोन बायकांच्या चार हातांना झेपेल असं ते धान्य आहे. बरं, तांदूळ सरकारच्या गोदामात तयार पडलेला असतो, हेही खरंच. उरलेला अर्धा वाद असा, की कण्याही एकाच पातेल्यात होतात. आठवड्यातून एकदा गावची भरडलेली ज्वारी शाळेनं विकत घ्यावी, चार पैसे शेतकऱ्याला, चार गिरणीवाल्याला. मावशी म्हणाल्या, "ढवळायला तिसरी बाई द्या, रोज करते."

शाळेच्या भिंतीला लागून एका मदतनीसाच्या सासूबाई ऊन खात बसल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. "सुकडी मिळायची. अन् ती लाल मिलो ज्वारी. अमेरिकेची. तिची भाकर गिळवत न्हवती, पण गिळली." त्यांनी नातवाच्या ताटातली कणी बोटावर घेऊन चाखली आणि जाहीर केलं की मीठ जास्त झालंय. सुनेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी ओळखीच्या शेतात हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं, गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. बरोबर खोबऱ्याची चटणी, गूळ, दही. पोटाची कीव करू नका, पण पाणी लगेच पिऊ नका. सात वाजले की गारठा झपकन उतरतो, आगटीपासून दहा पावलं गेलं तरी दात वाजतात. आगटीवर हात शेकत बसलेल्या गड्यानं सांगितलं, त्याची दोन्ही मुलं त्याच शाळेतली, आणि धाकट्याला त्या दिवशी गूळ मिळाल्याची बातमी घरी सर्वांत आधी पोचली होती.

(शाळा बघायची असेल तर: मुख्याध्यापकांना आधी फोन करा, कुणाच्या तरी ओळखीनं जा, मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो काढू नका. चॉकलेटं नेऊ नका. मुलांचं वाढून झाल्यावर उरलं तरच पंगतीला बसा, आणि ताट स्वतः घासा.)

शनिवार : मोहोळच्या बाजूला

शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे मावशींना अंधारातच चूल गाठायची. ताईची एक मैत्रीण मोहोळ तालुक्यात उसाच्या पट्ट्यात शिकवते. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, मागं लाल फडकं बांधलेल्या, एकीच्या मागे आम्ही अर्धा तास. शाळेजवळच्या माळावर ऊसतोडीला आलेल्यांच्या पाचटाच्या कोप्या. तिथली सात-आठ मुलं बाई स्वतः जाऊन रोज घेऊन येतात. गणवेश नाही, काहींच्या पायात काही नाही. पण पाढे म्हणायला आवाज सर्वांत खणखणीत त्यांचाच.

दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कडेवर भावाला घेऊन आली. तीन वर्षांचा असेल. आईबाप पहाटेच फडात गेलेले, त्याला ठेवणार कुणाकडे? या वयाच्या मुलांचं खाणं अंगणवाडीत, वेगळ्या विभागाच्या वेगळ्या हिशोबात. तो मात्र बहिणीच्या मांडीवर, शाळेच्या पंगतीत. त्याचं नाव हजेरीत नाही, ॲपवर रोज भरायच्या आकड्यात नाही. मावशींनी त्याच्यापुढे छोटं ताट ठेवलं, वरणभात कालवला, त्यातली मिरची वेचून काढली. मी नुसती बघत होते, तरी त्यांना उत्तर द्यावंसं वाटलं. "पळीभर भातानं कुणाचं कोठार रिकामं होतंय?" बाई दुसरीकडे बघत होत्या. बघायलाच हवं होतं.

भांडी घासताना मी मावशींशेजारी बसले, तेव्हा पगाराचं निघालं. पगार म्हणायचं नाही, मानधन. महिन्याला अडीच हजार, तेही वर्षातले दहा महिने. २०२३ पर्यंत दीड हजारच होतं. सकाळी निवडणं-टिपणं, मग स्वयंपाक, वाढणं, भांडी, ओटा, झाडलोट. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाचे शंभर रुपये. खुरपायला गेलं तर याच्या दुपटीहून जास्त हजेरी हातात पडते, त्या म्हणाल्या. मग का करता? "सावलीत काम हाय. पोरगी याच शाळेत हाय. अन् सुट्टीत लेकरं दारावरनं जाताना मावशी म्हणून हाक मारत्यात, ते एक." त्या क्रमात सांगितलं. मानधन वेळेवर येतं का, या प्रश्नावर धाकट्या मदतनीस मोठ्यानं हसल्या आणि पातेलं उपडं घातलं.

ग्रॅम, कॅलरी, दर हे सगळं वर ठरतं, आणि ठरायलाच हवं. पण घरून आणलेली बरणी, घरी बांधलेले मोड, मनगटावरचे चटके हे दिवसाच्या त्या शंभर रुपयांतच धरलेलं असावं, असं गृहीत धरून ही योजना चाललीय. माझ्या हाती असतं तर मेन्यूत पंधरावा की सोळावा पदार्थ घालण्याआधी मी यांचं मानधन दुप्पट केलं असतं.

दुपारच्या गाडीनं निघायचं होतं, म्हणून सोलापुरात शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या घेण्यापुरतं थांबलो. चटणी कुटलेली घ्या, मिक्सरची ओळखू येते, ती भुगा होते आणि तेल सोडत नाही. कडक भाकरी कोरड्या डब्यात कितीतरी दिवस टिकते.

घरी आल्यापासून दोघा-तिघांनी विचारलं, आम्हाला काही देता येईल का. येतं. ओळखीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी किंवा शाळा व्यवस्थापन समितीशी बोला आणि तिथीभोजन द्या. मिठाई नको. पन्नास-साठ मुलांच्या शाळेला एका वेळची अंडी किंवा पेरू-केळी पाच-सातशे रुपयांच्या आसपास येतात. शिजवायचं काही देणार असाल, तर मावशींना दोन दिवस आधी कळवा आणि त्या दिवशी मदतीला तिसऱ्या बाईची मजुरीही पाकिटात घाला.